कंपनीने पाठवलेली बाई

अगं, तुमच्याकडे आहे का असली सोय? आमच्या ठाण्याच्या ऑफिसात नवीनच निघालंय. घरी मूल सांभाळायला कोणी नसलं की ॲपवर बुक करायचं, कंपनी स्वतःच्या खर्चाने बाई पाठवते. सासूबाई गावाला गेलेल्या, म्हणून परवा मी बोलावली. तर आमचे सासरे भडकले. "परकी बाई कशाला? मी काय मेलोय? चार पोरं वाढवलीत मी!"

मनात म्हटलं, वाढवली सासूबाईंनी, तुम्ही फक्त बारशांना हजर होतात.

संध्याकाळी कोपर स्टेशनला उतरून घरी पोचले, तर बाई पर्स खांद्याला लावून दारातच उभी. मी घाबरतच विचारलं, "फार त्रास दिला का हो?"

"छे हो ताई, मुलगी गुणी आहे. आजोबांनीच छळलं. बीपीची गोळी सोफ्याखाली टाकली, फरसाणासाठी हट्ट धरला. शेवटी गोष्ट सांगितली तेव्हा कुठे झोपले. उद्या बोलवायचं असेल तर ॲपवर दोन मुलं टाका."

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून सासऱ्यांचा आवाज आला, "मग टाक की दोन! कंपनीच देतेय ना?"