तुपातलं जपानी बदक

त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात मला काही कळेनासं झालं होतं बघा. आमची रेवा वर्षभर जपानला राहून जयपूरला परतली होती. तिच्या जाण्याला तिच्या बाबांचा विरोध होता, म्हणून त्यांना जपानी पद्धतीचं बदक खाऊ घालायचंच, असं तिनं ठरवलेलं.

तिनं बदकाचे तुकडे कातडी खाली करून गार तव्यात ठेवले आणि मग गॅस लावला.

"अगं, तेल कुठंय?"

"मम्मी, तेल नको. मतलब, ते आपोआप येतं."

आपोआप कसं येईल? तेवढ्यात फोन आला म्हणून ती बाहेर गेली. मी बघते तर तव्यात वाटीभर तेलकट पाणी! काहीतरी बिघडलं, असं समजून मी ते ओतून दिलं.

रेवा आली आणि किंचाळलीच. "मम्मी! ती बदकाची चरबी होती, सगळी चव त्याच्यातच होती! त्यात कांद्याची पात भाजायची होती!"

पोरगी रडवेली झाली. मी गुपचूप दोन चमचे साजूक तूप सोडलं आणि पात त्यातच परतली. वरून तिनं सोया सॉस घातला.

बाबांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "रेवा, जपानमध्ये साजूक तूप वापरतात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही घरांत वापरतात, बाबा."