बरोबरचं बटण

माझी बायको शकुंतला गेल्याला आज दोन महिने झाले. तिच्या घड्याळात सेल घालायला मी नवी पेठेत गेलो. दुकानात माझ्यापुढे दुधनीचं एक धनगर जोडपं जुना खिशातला कॅल्क्युलेटर घेऊन उभं होतं. बाई दुकानदाराला सांगत होती,

“काल ह्याच्यावर एक मेंढी कमी भरली. ह्यांनी सख्ख्या भावाला, जोतिरामदादांना, चोर म्हनलं की!”

“मामा, ह्याच्यावर मेंढ्या मोजता कशा?” दुकानदारानं धनगराला विचारलं.

“पयल्या दोघींना एक अधिक एक बरोबर. पुढं मेंढी आत शिरली की नुसतं बरोबरचं बटन दाबायचं. आकडा एकानं वाढतो. लाल आकडे अंधारातबी दिसत्यात की.”

“मी बोटांवर मोजल्या, शहाऐंशीच्या शहाऐंशी हुत्या.”

“तुज्या बोटांपरीस मशीन हुशार हाय, बनाबाई.”

“मामा, हे बघा. बटणाखाली लोकर अडकलीय. एखादा दाब लागतच नाही.”

“म्हंजे मेंढी हायच?”

“हायच! अन् तिची लोकर तुमच्या हुशार मशीनच्या पोटात!”

“नवा देऊ का, मामा?”

“नगं. हेच पुसून द्या.”

“झालं. दाबून बघा.”

“लई झ्याक.”

“आता हसताय काय? गाडीची येळ झाली.”

“व्हय, चल. दादाची माफी मागायची ऱ्हायलीया.”