प्लास्टिकच्या हाताची नाडी

...आणि वर मलाच विचारते, 'सिस्टर, नाडी कुठे लागते ते माहीत आहे ना?' मला! चोवीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढलेल्या बाईला! अहो, तुम्ही नुसता माझ्या हातात हात द्या, सोडायच्या आत सांगते, जिन्याने आलात की लिफ्टने!

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार म्हणा. तर झालं असं, की आमच्याकडे फतवा निघाला, वॉर्डाची इन्चार्ज असायला पदवी पाहिजे. डिप्लोमा चालणार नाही. वर्षाच्या आत पदवी दाखवा, नाहीतर वॉर्ड दुसरीकडे द्या आणि खाली चादरींच्या खोलीत बसा, उशांचे अभ्रे मोजत! माझा वॉर्ड! बावीस खाटा! कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कुणाचा टाका ओला आहे, सगळं तोंडपाठ. मेट्रन म्हणाल्या, 'अगं, ऑनलाइन कर ना, घरबसल्या होतं.' म्हटलं, मॅडम, पेशंटपण घरबसल्याच बरे करायचेत का?

केला फोन कॉलेजला. विचारलं, 'मान्यता आहे का हो?' पलीकडून मधाळ आवाज, 'मान्यता प्रक्रियेत आहे, मॅऽऽडम.' 'म्हणजे आहे की नाही?' 'आहे ना मॅऽऽडम, प्रक्रियेत आहे.' अहो, आमच्याकडे ऑपरेशनच्या टेबलावरचा माणूससुद्धा प्रक्रियेतच असतो, त्याच्या घरच्यांना आम्ही पेढे वाटायला सांगतो का? शेवटी कळलं ते इतकंच, की वर्षअखेरीला समिती येणार, तीही ऑनलाइनच, आणि ती खूश झाली तर आमची पदवी खरी, नाहीतर तो नुसता जाड कागद. दुसरं कॉलेज शोधायला वेळ कुणाला होता? घेतला प्रवेश.

लेखी पेपर दिले मी, त्याचं काही नाही. पण प्रात्यक्षिक! एक दिवस कुरिअरवाला हा एवढा खोका देऊन गेला, आमच्या ह्यांनी उघडला आणि केवढ्यांदा ओरडले, 'अगं, कुणाचा तरी हात आलाय!' आला होता खरा. प्लास्टिकचा, कोपरापर्यंत, पिवळट, निळ्या शिरा रंगवलेल्या. आणि मनगटावर चिकटवलेलं, 'परत करणे बंधनकारक'. जसा काही मी तो लोणच्याला घालणार होते!

परीक्षेच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर टॉवेल, टॉवेलवर हात, आणि हे मोबाइल धरून स्टुलावर उभे, कारण माझा चेहरा, माझी बोटं आणि भिंतीवरचं घड्याळ तिन्ही एकदम दिसायला हवं. समोर स्क्रीनवर परीक्षक. हेडफोनवाली. माझ्या नोकरीपेक्षा वयाने फार तर दोन वर्षांनी मोठी! म्हणाली, 'सिस्टर, नाडी मोजा.' ठेवली तीन बोटं. मोजली. पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. आणि जे होतं ते सांगितलं, 'नाडी लागत नाही.'

'आकडा सांगा.'

'शून्य.'

'शून्य निकषात बसत नाही, सिस्टर. साठ ते शंभर.'

'अहो, प्लास्टिक आहे ते!'

'ते ठीक आहे, पण आकडा?'

आता तुम्हीच सांगा, नाडी नाही म्हटल्यावर नर्सने काय करायचं असतं? छाती दाबायची! मी म्हटलंसुद्धा, 'छाती दाबली असती हो, पण तुम्ही कोपरापर्यंतच पाठवलाय!' तर नापास. कारण काय? निकषात बसत नाही!

बरं, मी काय गप्प बसणारी आहे? दुसऱ्या खेपेला शेजारच्या मुलाला मोबाइल धरायला उभं केलं, ह्यांना टेबलाखाली बसवलं आणि त्यांचा हात वर टॉवेलवर घेतला. जिवंत हात! नाडी शहाण्णव, गुडघे दुमडून बसले होते ना बिचारे. सांगितलं, 'शहाण्णव!' हेडफोनवाली स्क्रीनला नाक लावून बघतेय... 'सिस्टर, या हाताला केस आहेत. किटच्या हाताला नाहीत. निकषात बसत नाही.' आणि टेबलाखालून ह्यांचा आवाज, 'काढून येऊ का?' नापास! आता एकच संधी उरली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, म्हणायचं काहीतरी! अहो, इथेच तर माझं घोडं अडलं. माझ्या वॉर्डात न मोजता आकडा लिहिणं म्हणजे गुन्हा. एका पोरीने एकदा आठ नंबरच्या पेशंटची नाडी लिहिली बहात्तर. पेशंट एक्स-रेला गेलेला. रिकाम्या खाटेची नाडी बहात्तर! बावीसच्या बावीस पेशंटच्या नाड्या पुन्हा मोजायला लावल्या मी तिला, ढसाढसा रडली, आणि मी म्हटलं, रड, पण मोज. कारण चार्टावर बहात्तर बघून डॉक्टर पुढे निघून जातो हो, आणि पेशंट तिथेच राहतो.

तिसरी खेप. टॉवेल, हात, स्टूल, हे. तीन बोटं ठेवली. एक मिनिट... काय सांगू तुम्हाला, आयुष्यात एवढं लांब मिनिट मी बघितलं नाही. डोळ्यांपुढे ते अभ्रे. आणि म्हटलं, 'बहात्तर. नियमित. भरीव.'

'वाऽऽ सिस्टर! बघा, जमलं ना शेवटी!'

जमलं! शंभरपैकी अठ्ठ्याण्णव! दोन का कापले? तर रुग्णाकडे पाहून स्मित केलं नाही. कोपराकडे बघून हसायचं होतं मी! हे पेढे आणायला निघाले, मी म्हटलं, खबरदार. लाज वाटली मला, खरंच सांगते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्या पोरीकडे वर मान करून बघवेना.

मग आली ती समिती. स्क्रीनवर समितीचे पाच चौकोन, दोघांचे माइक बंद, एकाचं नुसतं कपाळ, आणि कोपऱ्यात कॉलेजतर्फे आमची हेडफोनवाली. कॉलेजने मलाच पुढे केलं, सगळ्यांत जास्त मार्क ना माझे! अध्यक्ष म्हणाले, 'सिस्टर, मनमोकळं सांगा. आधी येत नव्हतं आणि या अभ्यासक्रमामुळे यायला लागलं, असं काय?' हे समोरून खुणा करतायत, गोड बोल, गोड बोल. मला कळत होतं हो, इथे चुकलं की मान्यता गेली, मान्यता गेली की पदवी गेली, आणि पदवी गेली की वॉर्ड गेला. पण तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडातून निघालंच, 'खोटं बोलायला. तेही न अडखळता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून!'

हेडफोनवाली पांढरीफटक. हे मटकन स्टुलावर बसले. मी मनातल्या मनात अभ्रे मोजायला लागले, एक, दोन, तीन... अध्यक्ष खाली मान घालून लिहितायत, लिहितायत. मग वर बघून म्हणाले, 'आभारी आहोत.' आणि समितीचे पाचही चौकोन गुल.

पंधरा दिवसांनी मान्यता आली. पाच वर्षांची! पदवी खरी, वॉर्ड माझा. सोबत अहवाल, त्यात माझ्या नावाने एक ओळ : 'विद्यार्थिनीच्या संवादकौशल्यात व आत्मविश्वासात लक्षणीय वाढ.' खाली माझी सही हवी होती, मजकूर मान्य असल्याची. केली. काय करते!