मागे फिरणाऱ्याला विचारायचं नसतं

रूल्फीन : कंबरभर नव्हतं, फोको.

फोको : मग मांडीभर लिही. ऑफिसातल्या लोकांना चिखलातलं काय कळतंय? सही कर आणि नळ मोकळा कर, माझ्या बुटांवरचा चिखल वाळायला लागलाय.

(समुद्राच्या बांधाखाली, बूट धुवायच्या नळापाशी. ओहोटीत समुद्राच्या चिखलातून लोकांना पायी बेटावर नेणारे दोन वाटाडे, फेरीचा अहवाल भरताना. दुपारचे तीन. पर्यटकांची बस नुकतीच गेली आहे.)

रूल्फीन : ओहोळात पाणी गुडघाभर होतं. तेही माझा गुडघा, तुझा नव्हे.

फोको : तू रांगेच्या शेवटी होतीस. पुढचा वाटाड्या मी होतो.

रूल्फीन : तू 'मागे फिरा' म्हणालास. चौतीस माणसं जागच्या जागी वळली. तू वळसा घालून त्यांच्या पुढे गेलास. मग रांगेचं शेपूट कुठं आलं? ओहोळाच्या काठावर, आणि शेपटाशी चालायचं मला. मी काठी घातली पाण्यात, मग स्वतः उतरले. चड्डीची कडसुद्धा भिजली नाही. समोर बेट होतं, हॉटेलच्या खिडक्यांतले पडदे दिसत होते.

फोको : असतील.

रूल्फीन : पावणेतीन तास चिखल तुडवून आलेली माणसं. पुढे अर्धा तास चाललं की बेटावर मोहरीचं सूप मिळणार होतं. आणि तू ओहोळ न ओलांडता परत आणलंस.

फोको : वाटाड्यांच्या संघटनेचा पहिला नियम काय? पुढचा 'फिरा' म्हणाला की फिरायचं, आणि फिरणाऱ्याला कारण विचारायचं नाही. कारण विचारायला लागलं की माणूस लाजेखातर पुढे जातो आणि भरतीत सापडतो. हे मला तुझ्याच वडिलांनी शिकवलं.

रूल्फीन : म्हणून बावीस वर्षं विचारलं नाही. मे महिन्यात तू धुकं येतंय म्हणून फिरवलंस. मला पलीकडच्या गावातल्या चर्चचं घड्याळ दिसत होतं, मी गप्प बसले. जूनमध्ये वादळ येतंय म्हणून फिरवलंस. त्या वादळाची आम्ही अजून वाट बघतोय. तेव्हाही गप्प बसले. आज तिसरी वेळ.

फोको : लोकांची काही तक्रार नाही.

रूल्फीन : लोकांची? यूट्रेख्टच्या त्या गृहस्थांनी बसमध्ये चढायच्या आधीच अभिप्राय लिहून टाकला. समुद्र बघायला पैसे भरले, आणि समुद्र जागेवर नव्हता. त्यांच्या बायकोला सील हवे होते. मी म्हटलं, सील पलीकडच्या वाळूवर असतात. तर म्हणाल्या, मग फोटोत अलीकडे का दाखवलेत?

फोको : ते नवीन माहितीपत्रक. 'आयुष्यात एकदा तरी अनुभवाच!' मी सोळाशे वेळा अनुभवलंय. सोळाशे वेळा तेच विचारतात, बूट खराब होतील का.

रूल्फीन : विषय बदलू नकोस. येताना त्या बाई बुडाल्या.

फोको : बुडाल्या नाहीत, रुतल्या.

रूल्फीन : मांड्यांपर्यंत. शिंपल्यांच्या टणक पट्ट्यावरून यायचं सोडून तू आम्हाला डावीकडच्या मऊ चिखलात नेलंस. तिथं आपण कुत्र्यालासुद्धा जाऊ देत नाही. वीस मिनिटं मी हातांनी उकरत होते, आणि पाणी चढायला लागलं होतं. बाई बिचाऱ्या हसत होत्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे.

फोको : पाच तारे दिले त्यांनी. पूर्ण दिवसातला सर्वांत चांगला भाग, असं मला सांगून गेल्या.

रूल्फीन : फोको, पट्टा तुला का दिसला नाही?

फोको : ऊन होतं. चकाकी होती.

रूल्फीन : ऊन सगळ्यांनाच होतं. आज मी नियम मोडते. विचारते. का फिरलास?

फोको : नळ बंद कर आधी. पाणी वाया जातंय.

रूल्फीन : केला.

फोको : मार्चमध्ये डॉक्टरांकडे गेलो होतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ बघितलं, आणि मग एकदम फार गोड बोलायला लागले. तेव्हाच कळलं.

रूल्फीन : काय दिसतं तुला?

फोको : कडेचं सगळं दिसतं. मधोमध, जिथं बघावं तिथंच, पुसल्यासारखं होतं. माणसं ओळखतो मी, चालीवरून. तुला तर खोकण्यावरून. पण ओला चिखल आणि पाणी... सगळं एकच चांदीचं ताट, रूल्फीन. ओहोळापाशी उभा राहिलो तर ओहोळ कुठं सुरू होतो तेच कळेना. काठी घातली, तर काठीवरची लाल खूण कुठंय ते दिसेना. मागे चौतीस माणसं. म्हटलं, फिरा. फिरलेलं कधी चुकत नाही.

रूल्फीन : आज चुकलं. फिरूनही चुकलं.

फोको : हो.

रूल्फीन : परवान्याच्या परीक्षेत कसा पास झालास? एप्रिलमध्ये तर झाली.

फोको : भरतीच्या वेळा विचारल्या, सांगितल्या. पाच किलोमीटर पळायला लावलं, पळालो. प्रथमोपचाराच्या बाहुलीच्या तोंडात हवा फुंकायला लावली. डोळ्यांच्या रकान्यात नुसती खूण करायची होती, 'उत्तम' पुढे. चौकोन मोठा होता.

रूल्फीन : हसवू नकोस मला.

फोको : शनिवारी ते गायकवृंदवाले आहेत. चाळीस जण. त्यांना बेटावर पोचून गायचंय, तिथं हॉल घेतलाय. मी म्हणतो, एवढा शनिवार जाऊ दे. पट्टा मला पायांनी कळतो. शिंपले करकरतात. आज जरा घाई केली एवढंच.

रूल्फीन : नाही.

फोको : तू मागून शीळ घाल. डावीकडे गेलो तर एक, उजवीकडे गेलो तर दोन.

रूल्फीन : चाळीस गाणाऱ्या माणसांच्या मागून मी शीळ घालू?

फोको : मग माझं काय करायचं म्हणतेस? माझी आफके वारल्यापासून घरात एक खुर्ची आहे आणि एक खिडकी. खिडकीतून काय दिसतं माहितेय? बांध. बांधाची अलीकडची बाजू. गवत आणि मेंढ्या. मेंढ्याही आता कडेनंच दिसतात.

रूल्फीन : मला माहितेय.

फोको : तू 'गुडघाभर' लिहिलंस की ते मला बोलावणार. बिल्ला काढून घेणार. भाषण करणार, केक कापणार. भिंतीवर लावायला चिखलातल्या बुटांचा फोटो देणार, मला न दिसणारा.

रूल्फीन : देतीलच. माझ्या वडिलांनाही तोच दिला होता. मी 'गुडघाभर' लिहिते. खाली कारणाची एक ओळ रिकामी आहे, ती तू भर. तुझ्या अक्षरात.

फोको : आणि नाही भरली तर?

रूल्फीन : तर मी भरेन. आणि मग आपण दोघं एकमेकांशी बोलणार नाही. या गावात आपल्या वयाची बोलण्यासारखी तीनच माणसं उरलीत, आणि तिसरा बेरेंट आहे.

फोको : बेरेंट फक्त बटाट्यांवर बोलतो.

रूल्फीन : म्हणून म्हणते.

फोको : पेन दे. ओळ कुठंय? बोट ठेव. हं. इथंच ना?

रूल्फीन : इथंच. जरा वर. हां.

फोको : 'डोळे.' एवढं पुरे. जास्त लिहिलं तर लोक वाचतात.

रूल्फीन : शनिवारी पुढं मी चालेन. शेवटी बेरेंटच्या मुलीला घेते, तिच्याकडे परवाना आहे. तू पावणेसातला बांधावर ये.

फोको : कशाला? रुमाल हलवायला?

रूल्फीन : चालायला. मधे. लोकांबरोबर.

फोको : मधे मी कधी चाललो नाही. एकोणतीस वर्षांत एकदाही नाही. मधल्यांनी करायचं काय असतं?

रूल्फीन : काही नाही. चालायचं आणि आजूबाजूला बघायचं.

फोको : काय बघायचं?

रूल्फीन : दिसेल तेवढं.