नकाशात दिसतं तसं

—नाही गं, ठेव ना ते रेकॉर्डर टेबलावर, मला काही नाही त्याचं. लाल दिवा लागला म्हणजे चालू ना? बरं. म्हणजे करिअर कक्षानं तुला माझ्याकडे धाडलं—'इंटर्नशिपचे अनुभव, धाकट्यांसाठी'—दर वर्षी निघते ती पुस्तिका, मीही वाचली होती, त्यात सगळेच खूप काही शिकलेले असतात. किती प्रश्न आहेत? सहा? आण बघू इकडे. 'कामाचं स्वरूप', 'ऑफिसातलं वातावरण', 'सर्वात कठीण क्षण'—असं का—'धाकट्यांना सल्ला'. आणि मार्चपासून तूच जाणार आहेस का कुवाहारासाहेबांकडे? तरीच. तरीच कॉलरला एवढी इस्त्री. घे, चहा घे, मिफुयू. तीन वाजता माझ्याकडे एक जण येणार आहेत, तोवर मी तुझी.

कामाचं स्वरूप—लिही, ग्राफिक डिझाइन इंटर्न, तिसरं वर्ष, जून ते ऑक्टोबर. पोस्टाच्या वरचा मजला, सात माणसं, कोपऱ्यात एक कुंडी मरायला टेकलेली. पहिले तीन आठवडे मी कोळंबीच्या मिशा कापल्या. हसू नकोस, खरंच. सुपरमार्केटची पत्रकं येतात ना पेपरातून—त्यातल्या प्रत्येक माशाच्या, प्रत्येक मुळ्याच्या मागचं चित्र कुणीतरी काढून टाकलेलं असतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आपण. मिशी राहिली पाहिजे आणि मागचं ताट गेलं पाहिजे. कुवाहारासाहेब मागं येऊन उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत, नुसतं नाकातून 'हं' करायचे. एक 'हं' म्हणजे पुन्हा कर. दोन 'हं' म्हणजे चालेल. वाईट माणूस नाही हं तो—हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुला तसं वाटेल. माझा वाढदिवस त्यांनी लक्षात ठेवला होता, चेस्टनटचा केक आणला होता. कुणी ओरडलं असतं तर मीही उलटून काहीतरी बोलले असते, पण त्या ऑफिसात कुणी ओरडतच नाही.

वातावरण? वातावरणासाठी शिक्क्याचं सांगते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सहीच्या जागी नावाचा शिक्का मारायला शिकवलं. तू म्हणशील त्यात काय शिकायचंय, शाईत टेकवायचा आणि कागदावर दाबायचा. तसं नाही. प्रूफाच्या खाली चौकटींची ओळ असते—सगळ्यात डावीकडं मालक, मग साहेब, मग तपासणारा, मग काम करणारा. मालकांचा शिक्का ताठ. साहेबांचा डावीकडं जरासा कललेला. त्यानंतरचा आणखी कललेला. मोठ्यांच्या दिशेनं वाकून नमस्कार घालतोय असा दिसला पाहिजे. मला वाटलं होतं, आता कोण करतं हे असलं. करतात. इंटर्नला अर्थात चौकटच नसते. माझा शिक्का आईनं विसाव्या वर्षी करून दिलेला, डबीत तसाच पडून होता, एकदाच वापरलेला—तोकिए आजींच्या घराच्या भाडेकरारावर.

तोकिए आजी—अगं, त्यांच्याकडे राहायचे ना मी. कावाशिमोला, नदीच्या अंगाला, बैठं घर, मागची खोली माझी. एक्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, बाकी सगळं शाबूत. 'शिहो, तू जेवलीस का' हे दिवसातनं तीनदा, आणि जेवले म्हटलं तरी ताटली पुढं यायचीच. मला वैताग यायचा, आता कशाला लपवू.

तर जुलैत पालिकेचं काम आलं. पुराचा नकाशा. घरोघर वाटायचा—पाणी कुठं किती चढेल, पळायचं कुणीकडं. अभ्यास तज्ज्ञांचा, आकडे पालिकेचे, आपण फक्त ते बघण्याजोगं करायचं. साहेबांनी ते मला दिलं. मला, मिशा कापणारीला. मी पहिल्यांदा सगळं लालात केलं, पाच पायऱ्या, फिका लाल ते गडद लाल. पालिकेचे निइमी-सान आले, बघितलं, आणि म्हणाले, 'हे जरा… भीतीदायक नाही वाटत?' लोक फोन करतील, म्हणाले, ज्यांनी घरं विकायला काढलीत ते तर ऑफिसातच येऊन बसतील, जरा मवाळ करता येईल का. मी मवाळ केलं. साय, मग लोणी, मग जर्दाळू, मग संत्रं, मग गाजर—साहेब आणि मी रंगांना अशीच नावं द्यायचो. लोणी म्हणजे काय ठाऊक आहे? लोणी म्हणजे घरात उभ्या माणसाच्या छातीपर्यंत पाणी. निइमी-सान म्हणाले, आता कसं प्रसन्न वाटतंय. पुराचा नकाशा, आणि प्रसन्न. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू, घरी जाताना स्वतःसाठी आइस्क्रीम घेतलं.

पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर लोणी दिसतं गं. पडद्याच्या मागं दिवा असतो. कागदाच्या मागं काय असतं? आणि त्यात पालिकेचा कागद, रद्दीपासून केलेला—धोरण आहे त्यांचं—तो मुळातच पिवळट. छापखान्यातून प्रूफ आलं, मी खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, आणि साय, लोणी दोन्ही गायब. कावाशिमो, भाताची शेतं, शाळेच्या चढाचा पायथा—सगळं कोरं. आणि खाली सूचीत माझ्याच हातचं लिहिलेलं, 'रंग नसलेला भाग: पुराचा धोका नाही'.

मी लाल पेन्सिलीनं कडेला लिहिलं, बाण काढून—'दोन पायऱ्या कागदावर दिसत नाहीत'. साहेबांनी वाचलं. हं. एकदाच. मग चष्मा काढून म्हणाले, शिहो-सान, निइमी-सानांनी पडद्यावर बघून मान्यता दिलीय. आता बदलायचं तर त्यांना परत वर जावं लागेल, त्यांचा शिक्का, त्यांच्या वरच्यांचा शिक्का, आणि एक सप्टेंबरच्या आपत्ती-कवायतीच्या आत हे घरोघर गेलं पाहिजे. शिवाय तरुण डोळ्यांना जरा जास्तच दिसतं. आणि खोडरबर पुढं केलं. ती लाल पेन्सिल खोडता येणारी असते, तुला माहीत असेल. स्वतः नाही खोडलं त्यांनी. 'तुमच्याच हातानं' म्हणाले. मी खोडलं. इतकं नीट खोडलं की कागदाचा तूससुद्धा उठला नाही. मग म्हणाले, तपासणाऱ्या ओबारा-सान रजेवर आहेत, त्यांच्या चौकटीत तुम्हीच शिक्का मारा, अनुभव येईल. अनुभव. तुमच्या पुस्तिकेवर पण तेच लिहिलंय ना?

मारला. डावीकडं कललेला, अगदी हवा तेवढाच. दोनदा 'हं' मिळालं—आणि थांब, तू 'सर्वात कठीण क्षण' पुढं हे लिहितेयस, दिसतंय मला. खोड ते. तेव्हा मला काहीही कठीण वाटलं नाही. मला अभिमान वाटला. खऱ्या कामावर माझा पहिला शिक्का. छापून नवे गठ्ठे आले तशी त्यातली एक प्रत मी घरी नेली आणि स्वतः फ्रिजवर लावली, मुळ्याच्या आकाराच्या चुंबकानं. आजींनी चष्मा लावून, बोट फिरवत, आपलं घर शोधून काढलं. 'आपलं कोरं आहे गं. बरं झालं. या गुडघ्यांनी आसऱ्याला तो शाळेचा चढ कोण चढणार.' शेजारच्या सोताके-सानांना हाक मारून दाखवला—आमच्या शिहोनं केलाय. आमच्या. आणि मी काय म्हटलं त्यावर? मी म्हटलं, चहा ठेवू का.

पुढचं तुला माहीत आहे, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. ऑक्टोबरचं वादळ, बांध फुटला तो भर दुपारी, साडेतीनला. मी ऑफिसात होते, वरच्या अंगाला, आमच्याकडं वीजसुद्धा गेली नाही. आजी दुसऱ्या दिवशी सापडल्या, स्वयंपाकघरात. पेपरात आलं होतं, 'नकाशा फ्रिजवर, तरीही वृद्धा घरातच', फोटोसकट—माझा नकाशा, निम्म्यापर्यंत चिखल, वरचा भाग स्वच्छ. नेटवर त्या बातमीखाली कुणीतरी लिहिलेलं, म्हातारी माणसं ऐकतच नाहीत. मला? नाही, मला कुणी काही विचारलं नाही. चौकशी झाली, पालिकेनं सांगितलं की नकाशा वेळेत वाटला होता, आणि तो वाटला होताच. चौकशीवाल्यांनीही तो पडद्यावरच बघितला, पडद्यावर लोणी छान दिसतं. मग मी इंटर्नशिप पुरी झाल्याचं पत्र घेतलं आणि इथं राहायला आले. तुझा चहा निवतोय.

तीन वाजता येणार म्हटलं ना, ते आजींचे चिरंजीव. योशिनारी-सान, नागोयाला असतात. परवा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला. अंत्यविधीला त्यांनी काय केलं माहितीये? दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाची माफी मागितली. माणूस गेलं की आपण 'तुम्हाला त्रास झाला' म्हणतोच, ते वेगळं. हे तसं नव्हतं. अग्निशमन दलाच्या लोकांपुढं कमरेतून वाकले—'माझ्या आईच्या हट्टापायी तुम्हाला त्या पाण्यात उतरावं लागलं.' सोताके-सानांपुढं तर गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. कारण सोताके-सान त्या दिवशी गाडी घेऊन दाराशी आले होते ना. चला म्हणाले होते, इंजिन चालू ठेवून थांबले होते. आणि आजी आत जाऊन फोन करून आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं. सोताके-सानांनी दोनदा आग्रह केला, मग गेले. असा फोन करून—

नाही, तू काही विचारलं नाहीस. मीच बोलले.

मला केला होता. ऑफिसात, दोन वाजून चाळीस मिनिटांनी. साहेब शेजारच्याच टेबलाशी. आजींनी आधी विचारलं, 'शिहो, तू जेवलीस का?' मी म्हटलं, हो. मग म्हणाल्या, 'कर्ण्यावर काहीतरी सांगतायत, वाऱ्यात कळत नाही. सोताके गाडी घेऊन आलेत, उगाच त्यांना माझं ओझं. आपलं घर तुझ्या नकाशात कोरं आहे ना गं?' आता एवढंच बोलायचं होतं—नाही, तिथं रंग आहे, दिसत नाही एवढंच, तुम्ही गाडीत बसा. पाच सेकंद लागतात. मी इथं बसून मोठ्यानं म्हणून बघितलंय, घड्याळ लावून. पण 'नकाशा' हा शब्द बाहेर ऐकू गेला आणि साहेबांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसती मान वर. आणि माझ्या तोंडून ऑफिसच्या आवाजात आलं, इतक्या अदबीनं—'नकाशात दिसतं तसंच, आजी.' घरी राहा असं मी म्हटलं नाही. तपासून बघ, राहा असा शब्द मी काढलेलाच नाही. दिसतं तसं, एवढंच. त्या म्हणाल्या, 'मग ठीक. येताना भिजू नकोस.' आणि फोन ठेवला. साहेब 'हं' म्हणाले. दोनदा.

योशिनारी-सानांना कळलं की शेवटचा फोन ऑफिसात आला होता. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आई काय म्हणाली. मी सांगितलं, मी जेवले का ते विचारलं. खोटं आहे का ते? नाही ना? रडले ते. शेवटी तिला तुमचा आवाज तरी मिळाला, म्हणाले, आणि मलाच वाकून नमस्कार करत राहिले, मीही उलट करत राहिले, आम्ही दोघं किती वेळ वाकत होतो कोण जाणे. आणि आज मिठाई घेऊन माझे आभार मानायला येतायत. उद्या कावाशिमोत परत घरोघर फिरणार आहेत, आईच्या वतीनं माफी मागायला, मग नागोयाला. काल फोनवर सांगितलं. 'आई पहिल्यापासून हट्टीच' म्हणाले, आणि मी म्हटलं, हो का. हट्टी नव्हती गं ती. तिनं नकाशा वाचला. अख्ख्या गावात तो इतक्या नीट वाचणारी ती एकटीच असेल.

जा तू तिथं, अवश्य जा. काम चांगलं शिकवतात. सल्ला म्हणून लिही—प्रूफ खिडकीपाशी नेऊन बघावं. बाकी प्रश्न कोरे ठेव—नाही, कोरे नको, 'सांगितलं नाही' असं लिही. जिना वाजतोय. तीनला पाच कमी, वेळेच्या आधीच येणार ते, आईसारखेच. ऊठ, पिशवी घे. अं हं, त्याला हात लावू नकोस. ते इथंच राहू दे, उद्या मी कक्षात आणून देते. बंद पण करू नकोस. ऐनवेळी त्यांच्यापुढं मी परत 'जेवलीस का'वरच येऊन थांबले, तर बाकीचं त्यात आहे, तेच त्यांना ऐकवीन. लाल दिवा आहे ना अजून? मग जा. दार उघडंच ठेव, ते आलेत.