रूथचा आवाज मी ओळखला होता

शेरीफ कार्यालय, मेरिवेल काउंटी, केंटकी
पुरवणी जबाब. दि. १५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.४०

नाव तबिथा स्टिडम, वय २२ वर्षे, काम जनावरांच्या खाद्याच्या दुकानात, शिक्षण घरीच, आईवडिलांकडे. राहणार बेअर फोर्क रस्ता.

मी समक्ष हजर राहून सांगते की, दि. ५ ऑक्टोबर रोजी पहाटे मी इथेच दिलेल्या जबाबात एक चूक आहे. त्यात, "मी झाडावर रॅकून शोधत वर बघत होते, त्यामुळे आधी कोणी हात उचलला ते पाहिले नाही," असे लिहिले आहे. मी वर बघत नव्हते. 'चूक' हा शब्द डेप्युटी नोबल यांनी लिहिला आहे. मी 'खोटे' म्हणाले होते. कृपया तसे लिहावे.

त्या जबाबावरून ऑर्व्हिल फ्युगेट, वय ६९, हे पाच तारखेपासून खालच्या कोठडीत आहेत. त्यांच्या काठीने माझा भाऊ कोल्टन याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. हे खरे आहे व त्यात मी काही बदलत नाही. काही कारण नसताना मारले असे ठरले, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, असे मला सांगण्यात आले. मी त्यांच्या वयात ती वर्षे मिळवून पाहिली आहेत.

दि. ४ ऑक्टोबर, शनिवारी आमच्या क्लबची रात्रीची कुत्र्यांची स्पर्धा होती. माझे वडील वेंडेल स्टिडम हे क्लबचे अध्यक्ष आहेत. मी एका गटाची जज होते. गटात तीन धनी व तीन कुत्री होती. ऑर्व्हिलकाकांची रूथ, कोल्टनची पेनी, आणि परराज्यातून, ओहायोहून आलेले डेल नावाचे गृहस्थ, त्यांचा रेंजर. पुढचे नियम कोर्टातल्या वकिलांना माहीत नसणार, म्हणून डेप्युटी नोबल यांनी ते लिहून घ्यायचे ठरवले. रॅकून या झाडावर चढणाऱ्या रानजनावराला मारायचे नसते. कुत्री सोडायची आणि अंधारात उभे राहून ऐकायचे. आपल्या कुत्र्याने रॅकून झाडावर चढवला हे आवाजावरून ओळखून, कुत्र्याचे नाव घेऊन "झाड" अशी हाक द्यायची. पहिल्या हाकेला १२५ गुण, दुसरीला ७५. दुसऱ्याच्या कुत्र्याला आपले समजून हाक दिली तर तेवढेच गुण वजा. जज धन्याची हाक ऐकते, कुत्र्याचे भुंकणे नाही. पण कोणी शंका घेतली, तर जजने स्वतःच्या कानांनी काय ऐकले ते सांगायचे असते. हे मला वडिलांनी शिकवले. मी वाचायला शिकले तीच या नियमांच्या पुस्तकावर.

९.१० वाजता डेल यांनी हाक दिली, "रेंजर, झाड!" ऑर्व्हिलकाका म्हणाले, "रेंजर कुठला बाबा, ती माझी म्हातारी आहे." मलाही रूथचाच आवाज आला होता. मी तसे सांगितले आणि डेल यांचे १२५ गुण वजा केले. ते हसून म्हणाले, "पोरी, तुझ्यापुढे खोकायचीसुद्धा चोरी!"

९.४० वाजता ओढ्यापलीकडून पुन्हा भुंकणे ऐकू आले. कोल्टनने हाक दिली, "पेनी, झाड!" लगेच ऑर्व्हिलकाका म्हणाले, "रूथ, झाड!" रूथ आणि पेनी एकाच वेताच्या, आमच्याच घरी जन्मलेल्या. त्यांचा आवाज कोणालाही वेगळा काढता येत नाही. मला येतो. सहा आठवड्यांची असताना रूथचा गळा कुंपणाच्या तारेत अडकला होता. पाच-सहा वेळा भुंकली की तिचा आवाज फाटतो. त्या वेळी तो दोनदा फाटला. मी ऐकला.

ऑर्व्हिलकाका म्हणाले, "तबी, ही रूथ आहे. तूच सांग."

कोल्टन म्हणाला, "काका, कान दाखवून घ्या डॉक्टरला. या वयात व्हायचंच."

या गटात जिंकणारा राज्याच्या फेरीला जाणार होता. मी म्हणाले, "पहिली हाक पेनीची. एकशे पंचवीस."

काका म्हणाले, "अगं, तिला तू चमच्यानं दूध पाजलंस."

मी म्हणाले की जजशी दुसऱ्यांदा वाद घातला, आता नियमाप्रमाणे तुम्ही बाद. संध्याकाळपासून कोल्टनने माझ्याशी चार वेळा वाद घातला होता. त्याला मी एकदाही बाद केले नव्हते.

आम्ही झाडापाशी पोहोचेपर्यंत पेनीही तिथे आली होती. डेल त्यांच्या कुत्र्याला शोधायला वरच्या अंगाला गेले होते. मी रॅकून पाहिला, ९.५२ ला गुणांच्या पत्रकावर नोंद केली व पत्रक खिशात ठेवले. त्यानंतर वर बघायचे मला काही कारण नव्हते. पत्रकावर ती वेळ आहे. पहिल्या जबाबाच्या वेळी हे कोणी विचारले नाही, कारण झाडाखाली जज वरच बघते असे सगळे धरून चालतात. मी त्याचा फायदा घेतला.

ऑर्व्हिलकाका रूथला पट्टा लावायला वाकले. कोल्टन म्हणाला, "बाद झालेल्यानं झाडापाशी यायचं नाही." असा कोणताही नियम नाही. काका म्हणाले, "माझी कुत्री तरी नेऊ देशील का रे?" कोल्टनने दोन्ही हातांनी त्यांना छातीवर ढकलले. ते ओढ्याच्या काठावर पडले. उठत होते तेव्हा त्याने पुन्हा ढकलले. दुसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी काठी फिरवली. माझ्या डोक्यावरचा दिवा चालू होता व त्यांच्यावर होता. अंतर सुमारे आठ फूट.

इस्पितळाच्या बाहेर वडिलांनी मला विचारले, "तू वर बघत होतीस, हो ना?" मी हो म्हणाले. तिथून आम्ही थेट इथे आलो.

रूथ आता आमच्याकडे आहे. वडील म्हणाले, कोणी तरी तिला खायला घातले पाहिजे. ती दिवसभर भुंकते. मी खिडकी लावून घेते.

कोल्टनचा जबडा तारेने बांधला आहे. त्याला बोलता येत नाही, तो पाटीवर लिहितो. सोमवारी त्याने लिहिले, "पेनीच होती ना?" म्हणजे तो लबाडी करत नव्हता. त्याला खरोखर पेनी वाटली होती, आणि मी गुण दिल्यावर त्याची खात्री झाली होती. मी पाटी पुसली व त्याला सूप आणून दिले.

काल जेवताना वडील म्हणाले, "जज म्हणून उभी राहिलीस, ते झालं. आता बहीण म्हणून उभी राहा."

मी विचारले, "पप्पा, मग डेलचे गुण का कापले मी?"

ते म्हणाले, "डेल ओहायोचा आहे."

आई उठून भांडी घासायला गेली.

आज मी दुकानात जाते असे सांगून इथे आले. डेप्युटी नोबल म्हणाले, "तबिथा, हे लिहिलं की तुझ्यावरही खटला होऊ शकतो. वकील बोलावू का आधी?" मी म्हणाले, "आधी लिहा. आता थांबलात तर माझ्यानं परत होणार नाही." काकांना भेटू द्या अशी मी विनंती केली. साक्षीदाराला भेटता येत नाही असे कळले. त्यांना आजच सोडाल का, असेही विचारले. डेप्युटी म्हणाले, "या कागदानं नाही होत ते. कोर्टात शपथेवर सांगावं लागेल. तुझे घरचे पुढ्यात बसलेले असतील." मी विचारले की मला त्या वेळी बोलता आले नाही तर हा कागद वाचून दाखवतील का. त्यांनी तोही प्रश्न लिहून घेतला.

हा जबाब मला दोनदा वाचून दाखवण्यात आला. दुसऱ्या वेळी मी तो मध्येच थांबवून वेळा तपासल्या, त्या बरोबर आहेत. मजकूर मी सांगितला तसाच आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही व घरी कोणाला हे माहीत नाही. सुनावणीला मला सरकारी वकिलांनी माझ्या भावाच्या बाजूने बोलावले आहे आणि वडील स्वतः गाडीने आणणार आहेत. मी त्याच गाडीतून येईन, आणि वर जे लिहिले आहे ते सर्व तिथे उभी राहून सांगेन, सोमवार, दि. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, सकाळी नऊ वाजता.

सही: तबिथा स्टिडम