चूक क्रमांक दोनशे बारा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या संचालिकाबाई. वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. आजचे उत्सवमूर्ती, म्हणजे माझे भाऊजी, जे हा शब्द ऐकून खुर्चीत अवघडलेले मला इथून दिसतायत. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या ताई. आणि समोरच्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो. दाराशी उभ्या असलेल्यांनी पुढे यावं. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि मी कोणाला प्रश्न विचारणार नाही.

संचालिकाबाईंनी मला दोन कामं सांगितली आहेत. एक, भाऊजींना निरोप द्यायचा. दुसरं, आपल्या ‘चौकी’ या संगणकावरच्या खेळाचा दुसरा भाग कसा झालाय ते सांगायचं. म्हणाल्या, “काकू, दहा मिनिटांत दोन्ही बसवा.” मी प्रयत्न करते. दोन्ही कामं एकच आहेत असं माझं मत आहे.

पाहुण्यांना माझी ओळख नाही. मी इथे पडद्यावरचा मजकूर तपासते. शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं मी नवऱ्याच्या वाचनालयाच्या कार्डावर केलं. आमचे हे इथेच खेळ तपासायला होते. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा कार्यालयातून सांत्वनाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, “आम्ही आपल्या दुःखात सहभोगी आहोत.” मी लाल पेन्सिलीने ‘सहभागी’ केलं आणि पत्र परत पाठवलं. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. आठवड्याने भाऊजी, ह्यांचे इथले जुने सहकारी, तेच पत्र हातात घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, “वहिनी, आमच्याकडे असल्या चुका पोत्याने आहेत. येता का?” मी आले.

भाऊजींना इथे सगळे ‘अर्धविराम’ म्हणतात. हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. त्याची गोष्ट नव्या मंडळींना ठाऊक नसेल. ‘चौकी’ हा धावपळीचा खेळ नव्हे. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने चालतो. डोंगरातली एक चौकी, ती राखणारे चार गडी: ढालवाला, तिरंदाज, टेहळणीवाला आणि वैद्यीण. प्रत्येकाची पाळी आली की दोन चाली करायच्या, मग शत्रूची पाळी. पहिल्या भागाच्या वेळी भाऊजींनी आज्ञा लिहून यंत्राला सांगितलं होतं, शत्रू दिसला तर बाण सोड. पण ‘दिसला तर’च्या पुढे चुकून एक अर्धविराम पडला. यंत्राला वाटलं, वाक्य तिथेच संपलं. आता नुसतं उरलं, बाण सोड. तिरंदाज भिंतीवर बाण सोडतोय, झाडावर सोडतोय, वैद्यिणीच्या पाठीत सोडतोय! दोन दिवस अख्खं कार्यालय शोधत होतं. शेवटी ह्यांना तो ठिपका सापडला, आणि भाऊजींचं बारसं झालं.

आता दुसऱ्या भागाबद्दल. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा खेळले. माझं मत मी चार पानांत लिहून दिलं होतं. पहिली तीन पानं कौतुकाची होती, ती थोडक्यात सांगते. शत्रू आता शहाणा झालाय. पूर्वी सरळ अंगावर यायचा, आता आधी वैद्यीण कुठे उभी आहे ते बघतो. पाऊस आला की बाण जवळ पडतात, म्हणून आभाळाकडे बघून चाल करावी लागते. चाल मागे घ्यायची सोय दिली आहे, पण एका मुक्कामात, म्हणजे खेळाच्या एका टप्प्यात, एकदाच. तरुण मंडळींना ती कमी वाटली. मला पुरेशी वाटली. दोनदा मिळाली असती तर मी अजून पहिल्याच मुक्कामात बसले असते. ढालवाला फार बोलतो, आणि नकाशावरची अक्षरं मुंग्यांएवढी आहेत. तरीही एकंदरीत हा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, हे मी लिहिलं आणि आजही म्हणते.

चौथं पान मात्र तक्रारीचं होतं.

पहिल्या भागात पडद्याच्या खाली चार चौकोन होते, चौघांच्या नावांचे. एखादा गडी पडला की त्याचा चौकोन काळा व्हायचा आणि शेवटपर्यंत तसाच राहायचा. पुढचे सगळे मुक्काम तिघांनी करायचे. खेळणाऱ्यांना ते फार आवडलं होतं. त्यांची पत्रं यायची, की आम्ही आधी त्या रिकाम्या जागेकडे बघतो आणि मग चाल करतो. दुसऱ्या भागात तसं नव्हतं. पाचव्या मुक्कामात माझी वैद्यीण गेली. चूक माझीच, मी तिला उघड्यावर उभं केलं होतं. तिचं नाव नीट वाचून व्हायच्या आत चौकोनांची रांग सरकली आणि चौथ्या चौकोनात नवी वैद्यीण येऊन उभी. तोच अंगरखा, तीच पिशवी, वर हसतेय! मी खेळ बंद केला आणि पानावर लिहिलं, “हा या भागाचा सर्वांत मोठा दोष आहे. जागा रिकामी राहू द्यावी.”

त्यावर काचेच्या खोलीत बैठक झाली. भाऊजींनी माझं चौथं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “वहिनी, ती चूक होती.”

“कोणती?”

“पहिल्या भागातली ती रिकामी जागा. रांग सरकवायची ओळ लिहायला मी विसरलो. लोकांनी त्यात अर्थ काढला. मी गप्प बसलो.”

“मग आता पुन्हा विसरा.”

सगळे हसले. भाऊजी नाही हसले. “अकरा वर्षं मला त्याची लाज वाटतेय,” ते म्हणाले. “आता निवृत्त होताना तरी नीट करून जावं म्हटलं, आणि तुम्ही सांगता पुन्हा विसरा?” मग त्यांनी आपल्या खणातून एक वही आणून माझ्यापुढे ठेवली. “हे माझ्या मनाचं नाही. बघा कोणी सांगितलंय.”

आमच्या ह्यांची चुकांची वही. हे चुका हाताने लिहायचे. यंत्राच्या तक्रारी यंत्रालाच कशाला सांगायच्या, असं म्हणायचे. वहीतल्या प्रत्येक चुकीपुढे ‘दुरुस्त’ अशी लाल खूण होती. एका नोंदीपुढे नव्हती. ती मी तुम्हाला आहे तशी वाचून दाखवते.

“चूक क्रमांक दोनशे बारा. गडी पडला तरी रांग सरकत नाही. त्याची जागा अडून राहते, नवा माणूस घेता येत नाही. उरलेल्या तिघांनी पुढचे मुक्काम कसे काढायचे? त्यांचा काय दोष? रांग सरकवावी.”

खाली भाऊजींच्या अक्षरात, “पुढच्या भागात नक्की.”

सभेत नवरा-बायकोच्या भांडणाची गोष्ट सांगू नये. पण ते भांडण झालं खरं. ती वही मी घरी नेली आणि रविवारी दुपारी समोर ठेवून मोठ्याने भांडले. म्हटलं, तुम्हाला काय जातंय सांगायला, रांग सरकवावी! तिघांचा दोष नाही, मान्य. पण गेला त्याचा तरी काय दोष होता? चार वर्षांनी भांडायला मिळालं होतं, म्हणून सोडलं नाही. आणि नेहमीसारखंच झालं. ते एकच वाक्य बोलून बसले होते आणि माझंच बोलणं संपत आलं.

आमच्याकडे खिडकीशी ह्यांची खुर्ची आहे. तिच्यावर चार वर्षं त्यांच्या चष्म्याचं घर ठेवलेलं. मी वाचायची पलंगाच्या कडेला, भिंतीकडच्या अंधारात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, बाई, उजेडात बसा. मी दोन्ही वेळा हो म्हटलं होतं. त्या दुपारी मी चष्म्याचं घर उचलून पुस्तकांच्या फळीवर ठेवलं आणि खुर्चीत बसून ती नोंद पुन्हा वाचली. उजेडात अक्षर चांगलं दिसलं. “उरलेल्यांचा काय दोष?” बरोबर होतं त्यांचं.

पण मीही अगदीच चुकले नव्हते. सोमवारी भाऊजींना सांगितलं, “सरकवा रांग. पण लगेच नको.”

“मग किती वेळाने?”

“एक पाळी जाऊ द्या.”

“त्या पाळीत होईल काय?”

“काही नाही. त्याची पाळी येईल आणि तो नसेल. ती खेळणाऱ्यानेच संपवायची. मग येऊ दे नवा माणूस.”

खेळ बाजारात जायला तीन दिवस उरले होते. तपासणीतली आमची पोर म्हणाली, “काकू, लोकांना वाटेल खेळ अडकला. मी तर आधी माऊस आपटीन.” मी म्हटलं, आपट. आपण सगळ्यांनी काहीतरी आपटलेलंच असतं. संचालिकाबाईंनी भाऊजींकडे बघितलं. या वयात, या घाईत, नवं काही लिहायचं म्हणजे जोखीम. चुकलं असतं तर शेवटच्या कामाला बट्टा लागला असता. भाऊजी म्हणाले, “पहिल्या वेळी नुसतं विसरून जमलं होतं. हे मला लिहावं लागेल.” आणि उठून आपल्या जागेवर गेले.

संध्याकाळी मी विचारलं, किती ओळी लागल्या? म्हणाले, “तीन. आणि तीन अर्धविराम. या वेळी जागच्या जागी.”

खेळ बाहेर येऊन महिना झाला. पहिल्या आठवड्यात आलेल्या तक्रारींत निम्म्या त्याच होत्या, की खेळ मध्येच थांबतो. नंतर त्या कमी झाल्या. लोकांना कळलं असेल, किंवा सवय झाली असेल. परीक्षण करणाऱ्याने दोन्हीची नोंद करावी, म्हणून सांगितलं.

भाऊजी, ही वही आज मी तुम्हाला परत देते. दोनशे बाराच्या पुढे मी लाल पेन्सिलीने ‘दुरुस्त’ लिहिलंय. ह्यांच्या वतीने सही केली आहे. त्यांची हरकत असेल तर ते मला भेटतीलच कधीतरी.

आणि एक विनंती अध्यक्षबाईंना. भाऊजींची जागा सोमवारी सकाळी नऊला नव्या बाईंना मिळणार आहे, असं खुर्च्या-टेबलं देणाऱ्या भांडारातून कळलं. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाई, माझा तुमच्यावर राग नाही. या, खूप काम करा. बसताना खुर्ची खाली करून घ्या, भाऊजी उंच आहेत, नाहीतर तुमचे पाय लोंबकळतील. फक्त सोमवारी नका बसू. सोमवारी आम्ही सगळे तिथून येता-जाता एकदा बघू. मंगळवारी बसा.

इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, व्यासपीठावरच्या मोठ्या माणसांमध्ये मला उभं केलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. ताई, तुमचे वेगळे आभार. इतकी वर्षं ह्या माणसाच्या संध्याकाळी आम्ही वापरल्या, आता त्या तुमच्याकडे परत येतायत. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि मध्ये कुठे नको तिथे अर्धविराम पडला असेल, तर तो माझा धरा. भाऊजींचा नाही.